मधुमेह आणि पायाची जखम: जागा बघा, कारण सापडेल

पायवाट

रक्तातली साखर स्वतः कातडी फाडत नाही. कातडी फाटते ती दाबाने, घासल्याने, टोचल्याने किंवा भाजल्याने. मधुमेहाचा वाटा असा, की हे घडत असताना पायाला कळत नाही आणि घडून गेल्यावर लवकर भरून येत नाही. म्हणून प्रत्येक जखमेबाबत दोन प्रश्न वेगवेगळे विचारायला हवेत: झाली कशाने, आणि भरत का नाही? मलम, ड्रेसिंग, अँटिबायोटिक ही सगळी धावपळ दुसऱ्या प्रश्नाभोवती चालते. पहिला कुणी विचारतच नाही, आणि मग भरलेली जखम त्याच जागी पुन्हा उघडते. जखम भरलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना वर्षभरात परत जखम होते. ५ वर्षांत हा आकडा ६५ टक्क्यांच्या घरात जातो.

हा धागा पहिल्या प्रश्नासाठी. सुरुवात जागेपासून करू.

चवड्याखाली, म्हणजे बोटांच्या मुळाशी, गोल जखम आणि भोवती जाड पांढरट कडा: ही वारंवार पडणाऱ्या दाबाची. तिथे आधी घट्टा असणारच.

अंगठ्याच्या खालच्या बाजूला: अंगठ्याचा सांधा वर वळत नाही, त्यामुळे पाऊल उचलताना सगळा भार तिथे येतो.

बोटांचे शेंडे किंवा पेरांची वरची बाजू: बोटं पंजासारखी वळलेली आहेत. शेंडा खाली रुततो, पेर बुटाच्या वरच्या चामड्याला घासतं.

अंगठ्याच्या किंवा करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या कडेला: बूट अरुंद. आधी बूट बघा, बाकी तर्क नंतर.

बोटांच्या बेचक्यात: ओलावा आणि बुरशी, किंवा शेजारच्या दोन बोटांची हाडं एकमेकांवर दाबली जाणं. फक्त अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामध्येच असेल तर चपलेचा पट्टा तपासा.

टाचेची मागची बाजू: अंथरुणाला खिळलेला माणूस. टाचेची कड: कोरड्या भेगा.

तळव्याच्या मधोमध, कमानीखाली: ही जागा एरवी जमिनीला टेकतच नाही. तिथे जखम झाली तर पायाचा सांगाडा खचला आहे का हा पहिला संशय. यावर सविस्तर कुणीतरी लिहावं.

आणि दाबाचं काहीच कारण दिसत नाही अशी कुठलीही जागा: टोचणं, भाजणं, नख कापताना लागणं.

जाणकारांनी भर घालावी. कुणाला सध्या उघडी जखम असेल तर आधी डॉक्टर, मग हा धागा.

लंबक

चांगला विषय. 'पायाला कळत नाही' हे पायवाट यांनी एका वाक्यात उरकलंय, त्याचा जरा विस्तार करतो. कारण नसा खराब होतात म्हणजे फक्त बधिरपणा येतो असं नाही, तीन प्रकारच्या नसा जातात आणि तिन्हींचा परिणाम वेगळा.

संवेदनेच्या नसा: सगळ्यात लांब नस सगळ्यात आधी बिघडते, म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते आणि मोजा चढवावा तसा बधिरपणा वर सरकतो. एकाच पायात बधिरपणा असेल तर मधुमेहावर ढकलून मोकळे होऊ नका. कंबरेची नस, घोट्याजवळ दबलेली नस अशी दुसरी कारणं शोधावी लागतात.

स्नायूंच्या नसा: पावलातले छोटे स्नायू वाळतात. नडगीकडून येणाऱ्या लांब स्नायूंची ओढ मात्र शाबूत असते, त्यामुळे बोटं वर उचलली जाऊन पुढे खाली वळतात. बोटं वर गेली की चवड्याखालची चरबीची गादी पुढे सरकते आणि हाडांची टोकं थेट कातडीवर टेकतात. म्हणजे संवेदना गेली त्याच काळात दाबही वाढला.

तिसऱ्या, आपोआप चालणाऱ्या नसा: घाम बंद होतो, कातडी कोरडी पडते, भेगा जातात. शिवाय पायातल्या बारीक रक्तवाहिन्यांचे आडमार्ग उघडे राहतात. पाय हाताला गरम लागतो, शिरा फुगलेल्या दिसतात. 'पाय छान गरम आहे, रक्त व्यवस्थित येतंय' असा निष्कर्ष यावरून काढणारे बरेच. गरम पाय म्हणजे रक्तपुरवठ्याची खात्री नव्हे.

कुतूहल

एक शंका. ज्यांच्या पायांची रात्री आग होते, मुंग्या येतात, चादरीचा स्पर्शही नकोसा होतो, त्यांना संवेदना आहे असं धरायचं ना? मग त्यांना धोका कमी असावा.

लंबक

उलट. आग होणं आणि बाहेरचा स्पर्श कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. खराब झालेली नस स्वतःच खोटे संदेश पाठवते, त्याचं नाव आग, मुंग्या, सुया टोचणं. त्याच पायात खिळा घुसला तर कळेलच असं नाही. एकाच माणसात दुखणारा आणि बधिर असा दोन्ही पाय असतो, आणि तो जास्त फसवा, कारण 'मला तर सगळं जाणवतं' असं त्याला मनापासून वाटत असतं. विचारून ठरवू नका, तपासून ठरवा.

जाता जाता: मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी अनेक वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी तपासावी. त्याच्या कमतरतेनेही असाच बधिरपणा येतो आणि तो भाग दुरुस्त होण्यासारखा असतो.

निगराणी

तपासण्याबद्दल लिहिते, कारण ही तपासणी सोपी असूनही निष्काळजीपणे होते.

साधन म्हणजे १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, प्लास्टिकच्या दांडीला लावलेला नायलॉनचा तंतू. तो वाकेपर्यंत दाबला की १० ग्रॅमचा जोर पडतो, त्यापेक्षा जास्त पडूच शकत नाही.

आधी तो हातावर लावून दाखवा, म्हणजे नेमकं काय जाणवायला हवं ते कळतं. मग डोळे मिटायला सांगा. जागा तीन: अंगठ्याचा तळ, चवड्याखाली अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या मुळाशी. तंतू कातडीला काटकोनात टेकवा, वाकेपर्यंत दाबा, उचला. एकूण वेळ साधारण २ सेकंद. कातडीवरून ओढू नका, ओढल्यावर बधिर पायालाही काहीतरी जाणवतं. घट्ट्यावर, जखमेवर, व्रणावर लावू नका, शेजारी लावा.

प्रत्येक जागी दोनदा खरोखर लावायचा आणि एकदा नुसतं विचारायचं, 'आता कळलं का?' तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर त्या जागी संरक्षक संवेदना, म्हणजे इजा कळण्यापुरती संवेदना, शिल्लक आहे. हा फसवा प्रश्न टाळला तर संवयीने 'हो, हो' म्हणणारा माणूस पास होतो.

तंतूही थकतो. एका दिवशी ८–१० जणांना लावला की त्याला २४ तास विश्रांती हवी, नाहीतर तो कमी जोरात वाकतो आणि चांगल्या पायालाही बधिर ठरवतो.

घरी साधन नसेल तर बोटाने स्पर्श करायची चाचणी आहे. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशा सहा शेंड्यांना तर्जनीने हलकेच १–२ सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, चुकलं तर पुन्हा लावायचा नाही. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे असं धरा आणि नीट तपासणी करून घ्या.

पायवाट

निगराणीताई, हे स्वतंत्र छापून ठेवण्याजोगं आहे.

दाबाबद्दल थोडं. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांवर वेल्लोरला काम करताना पॉल ब्रँड यांनी जे मांडलं तेच मधुमेहाच्या पायाला जसंच्या तसं लागू पडलं: मांस आपोआप कुजत नाही, बधिर पाय वापरला जाताना जखमी होतो. दाब तीन तऱ्हांनी इजा करतो.

एक, हलका पण सतत दाब. घट्ट बूट तासन्‌तास घातला की त्या ठिकाणी रक्त पोहोचत नाही आणि कातडी मरते. नीट संवेदना असलेला माणूस अर्ध्या तासात बूट सैल करतो किंवा पाय बाहेर काढतो. बधिर पायाचा माणूस संध्याकाळपर्यंत घालून बसतो. पायाच्या कडेच्या आणि बोटांवरच्या जखमा या वर्गातल्या.

दोन, एकदाच पण प्रचंड दाब: खिळा, काच, काटा. क्षेत्रफळ इतकं छोटं की कातडी लगेच फाटते.

तीन, मध्यम दाब, पण हजारो वेळा. यात एकही पाऊल घातक नसतं. पण त्याच बिंदूवर पावलामागून पाऊल पडत राहिलं की आतलं मांस सुजतं, सुजलेलं मांस पुढच्या पावलाला आणखी लवकर दुखावतं, आणि शेवटी आतून फुटतं. संवेदना शाबूत असलेला माणूस नकळत लंगडतो, पाय वेगळा टेकतो, थांबतो. बधिर पायाचा माणूस शेवटच्या पावलापर्यंत त्याच ठिकाणी भार देतो. तळव्याच्या बहुतेक जखमा या तिसऱ्या तऱ्हेच्या, आणि म्हणूनच 'काहीच लागलं नाही, तरी जखम कशी?' हा प्रश्न ऐकू येतो.

आरी

पादत्राणांच्या बाजूने लिहितो.

सर्वांत जास्त चूक मापात होते. बधिर पायाला घट्ट बूटच 'बरोबर बसलाय' असा वाटतो, कारण सैल बूट जाणवतच नाही. म्हणून 'कसं वाटतंय?' हा प्रश्नच बाद. मोजून ठरवा.

कागदावर उभं राहून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, पेन्सिल सरळ धरून पायाचा आकार काढा. तो कापा आणि बुटात सरकवा. कागद कडेला दुमडला तर बूट अरुंद. बुटाची आतली लांबी सगळ्यात लांब बोटापेक्षा १ ते २ सेंमी जास्त हवी. सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं असतं. दोन पायांची मापं वेगळी असतील तर मोठ्याचं माप घ्या. मोजणी दिवस उतरताना करा, पाय तेव्हा सुजलेला असतो.

फार मोठा बूटही वाईट. पाय आत पुढेमागे सरकतो आणि टाचेला, बोटांना घासतो. नाडी किंवा पट्टा असलेला बूट घ्या. नुसता पाय सरकवायचा बूट पायावर टिकायला घट्टच असावा लागतो.

उंची विसरली जाते. बोटं वळलेली असतील तर पुढचा भाग खोल हवा, नाहीतर लांबीरुंदी बरोबर असूनही पेरांवर जखम होणार.

आत हात घालून शिवण चाचपा. बोटांवर येणारी आडवी शिवण, सुटलेलं अस्तर, वर आलेली खिळ्याची टोकं हाताला कळतात, पायाला कळणार नाहीत. हात बधिर असतील तर हे काम दुसऱ्याने करायचं.

आतली गादी: मऊ फोम हातात छान वाटतो, पण काही आठवड्यांत दबून पातळ होतो. गादी काढून उजेडात बघा; चवड्याच्या जागी खळगा पडला असेल तर तिचं काम संपलं. नुसती मऊ गादी दाब कमी करतेच असं नाही. पायाच्या आकारात ढाळलेली गादी भार सगळ्या तळव्यावर पसरवते, फरक त्याने पडतो.

चवड्यामागचा उंचवटा हाडांच्या टोकांच्या थोडा मागे, ५ ते १० मिमी, असायला हवा. तो थेट टोकांखाली आला तर दाब कमी होण्याऐवजी वाढतो. हा प्रकार तयार गाद्यांमध्ये सर्रास दिसतो, कारण पाय लांबीने सारखे असले तरी चवडा सगळ्यांचा एकाच जागी नसतो.

नवीन जोड पहिल्या दिवशी एक-दोन तासच. मग काढून दोन्ही पाय बघा. लाल डाग २० मिनिटांत गेला नाही तर तो जोड तसाच वापरायचा नाही, त्या जागी दुरुस्ती करायची.

साधाप्रश्न

घरात अनवाणी चाललं तर चालतं का? फरशी स्वच्छ असते.

आरी

नाही. मोज्यांवरही नाही. टोचण्याचा धोका तर आहेच, पण मुख्य म्हणजे दाबाचा हिशेब घरातल्या पावलांचाही होतो. बाहेर उत्तम बूट आणि घरात उघडे पाय म्हणजे दिवसातली निम्मीअधिक पावलं संरक्षणाशिवाय. घरात वापरायचा वेगळा हलका जोड हवा, त्यातही तीच गादी.

ठोका

सगळे नसांबद्दल बोलतायत, रक्तवाहिन्या मागे पडू नयेत. नसांमुळे जखम होते आणि रक्त कमी असल्याने भरत नाही, असं ढोबळमानाने म्हणता येईल. पण रक्तपुरवठा खूपच घसरला असेल तर एवढ्याशा घासण्यानेही बोटांचे शेंडे किंवा कडा काळ्या पडतात. दोन्ही एकत्र असलेले पाय भरपूर.

मधुमेहात अडथळे बहुधा गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्यांमध्ये असतात. त्यामुळे 'चालताना पोटरी दुखते का?' या प्रश्नाचं उत्तर 'नाही' येतं. माणूस मुळात कमी चालतो, त्यात बधिर, दुखणार कसं?

घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, हे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी असेल तर अडथळा आहे. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. गडबड पुढे आहे. मधुमेहात, आणि मूत्रपिंडाच्या आजारात तर फारच, रक्तवाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम साठून ती कडक होते. पट्टा फुगवला तरी ती दबत नाही आणि आकडा खोटा चांगला येतो. १.३ च्या वर आला तर तो विश्वासार्ह नाहीच, १.० किंवा १.१ आला तरी त्यामागे आजारी रक्तवाहिनी असू शकते. म्हणून पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब घ्यावा, बोटांच्या वाहिन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. अंगठ्याचा दाब ३० मिमी पाऱ्याच्या खाली किंवा घोट्याचा ५० च्या खाली असेल तर ड्रेसिंग बदलत बसायचं नाही, तातडीने रक्तवाहिन्यांचा तज्ज्ञ.

नाडी हाताला लागली म्हणून निश्चिंत होऊ नका. आणि पाय सुजलाय म्हणून घट्ट लवचीक पट्टी किंवा दाबमोजे घालण्याआधी हे मापन झालंच पाहिजे. आधीच कमी असलेल्या रक्तावर वरून दाब दिला तर जखम आपणच तयार केली.

तंबाखू, कुठल्याही रूपात, बंद.

कुतूहल

पण शेवटी साखर आटोक्यात ठेवली तर हे सगळं टळतंच ना? मूळ कारण तेच नाही का?

लंबक

वर्षांच्या हिशेबात हो, आठवड्यांच्या हिशेबात नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी अभ्यासात टाइप १ मधुमेहात कडक नियंत्रणाने नसांचा विकार सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. टाइप २ मध्ये फायदा बराच लहान दिसतो. पण एकदा नस गेली की साखर उतरवून ती परत येत नाही. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.५ असलेल्या, म्हणजे साखर ताब्यात असलेल्या माणसाच्या चवड्याखाली जखम होते, कारण त्याचा पाय दहा वर्षांपूर्वीच बधिर झालेला असतो आणि बूट आजचा असतो.

उघडी जखम असताना साखर ताब्यात हवीच, जंतुसंसर्गाशी लढायला. पण साखर उत्तम आणि भार मात्र रोज त्याच जखमेवर, असं असेल तर ती भरणार नाही.

पट्टी

घट्ट्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तळव्याच्या जखमेची ती आधीची पायरी असते.

दाबाला उत्तर म्हणून कातडी जाड होते. पण घट्टा झाला की तोच बुटात ठेवलेल्या खड्यासारखा काम करतो. तो काढल्यावर त्या जागचा दाब जवळपास ३० टक्क्यांनी उतरतो, यावरून त्याचा स्वतःचा भार किती ते समजा. घट्ट्याच्या आत तपकिरी किंवा काळसर ठिपका दिसला तर ते खाली झालेलं रक्त आहे. बाहेरून कातडी अखंड असली तरी खाली जखम तयार झालेली असू शकते. अशा वेळी त्याच आठवड्यात दाखवा.

काढायचा कुणी? प्रशिक्षित माणसाने, सर्जिकल ब्लेडने, पातळ पापुद्र्यांत. घरी ब्लेड नाही, कात्री नाही. कुरूप काढायच्या पट्ट्या आणि द्रावणं अजिबात नाहीत. त्यात सॅलिसिलिक आम्ल असतं, ते जाड कातडी आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही, आणि बधिर पायाला ते खोल गेल्याचं कळत नाही. औषधाच्या दुकानात सहज मिळतात म्हणून त्या निरुपद्रवी ठरत नाहीत.

काढला तरी घट्टा परत येतो, कारण दाब तिथेच असतो. दर ४ ते ६ आठवड्यांनी काढावा लागत असेल तर बूट आणि गादी बदलायची वेळ आली आहे.

टाचेच्या भेगा: युरिया असलेलं क्रीम, साधारण १० ते २५ टक्के, रोज दोनदा. बोटांच्या बेचक्यात लावायचं नाही, तिथे ओल नको. मागून उघडी पादत्राणं घातली की टाचेची चरबी कडेला पसरते आणि कोरडी कातडी ताणून फाटते; बंद टाचेच्या बुटाने निम्मं काम होतं.

पाय गरम पाण्यात भिजवत ठेवणं बंद करा. कातडी आणखी कोरडी होते आणि भाजण्याचा धोका वेगळा. धुवायचं पाणी ३७ अंशांच्या आत, आणि ते पायाने पाहू नका. थर्मामीटर किंवा कोपर वापरा. गरम पाण्याची पिशवी, हीटर, शेक यांनी भाजलेल्या जखमा सर्वांत टाळता येण्याजोग्या.

लंबक

सांधे राहिले. जास्त साखरेमुळे सांध्याभोवतीचे धागे कडक होतात. दोन्ही तळहात जोडून बघा. बोटं आणि तळवे पूर्ण टेकत नसतील तर पायाच्या सांध्यांचीही तीच गत असण्याची शक्यता आहे. घोटा पुरेसा वर वळला नाही तर टाच लवकर उचलली जाते आणि चवड्यावर भार जास्त वेळ राहतो. गुडघा सरळ ठेवून घोटा वर वळवून बघितला की पोटरीची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू टाचेला जोडणारी) आखडली आहे का ते कळतं.

चवड्याखालची जखम सगळं करूनही परत येत असेल तर ही शीर लांब करण्याची शस्त्रक्रिया विचारात घेतात. ती जास्त लांब झाली तर भार टाचेवर जातो आणि टाचेला जखम होते, जी भरायला आणखी कठीण. बोटाच्या शेंड्यावर जखम असेल आणि बोट हाताने सरळ होत असेल, तर बोट खाली ओढणारी स्नायूची शीर सुईने किंवा छोट्या छेदाने सोडवतात. काम छोटं, उपयोग मोठा, आणि तरी फार उशिरा सुचवलं जातं.

बोट कापावं लागलं असेल तर तिथला भार शेजारच्या बोटाच्या मुळाशी सरकतो. अंगठा गेला की हे हमखास. त्या पायाचा बूट पूर्वीचा चालणार नाही.

निगराणी

तळव्याच्या मधली जखम, म्हणजे शार्को पाय, त्यावर लिहिते. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ मध्ये हा सांध्यांचा विकार वर्णन केला तो सिफिलिसच्या रुग्णांत. मधुमेहाशी संबंध १९३६ मध्ये जोडला गेला.

बधिर पायात हाडं ठिसूळ होऊन तुटतात, सांधे सरकतात, आणि माणूस त्यावर चालत राहतो. सुरुवातीला पाय लाल, सुजलेला, गरम. जखम नाही, ताप नाही, दुखणं असलं तर बेताचं. एक्स-रे सुरुवातीला साफ येऊ शकतो. मग 'मुरगळला', 'युरिक आम्ल', 'संसर्ग' अशी नावं देत आठवडे जातात आणि तेवढ्यात कमान खचून तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो. त्या फुगवट्यावर नंतर जखम होते.

पाय ५ ते १० मिनिटं उंच धरला तर शार्कोची लाली बरीच ओसरते, संसर्गाची राहते. हा फक्त इशारा आहे, पुरावा नव्हे. बधिर पाय अचानक एकाच बाजूला सुजला आणि कातडी अखंड असेल तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत शार्कोच धरायचा: भार बंद, गुडघ्यापर्यंत न काढता येणारं प्लास्टर, एमआरआय. प्लास्टर काही महिने चालतं. दोन पायांच्या तापमानातला फरक २ अंश सेल्सियसच्या आत येऊन स्थिरावल्याशिवाय भार द्यायचा नाही.

तापमानाचाच उपयोग जखम टाळायलाही होतो. कातडीचं तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, रोज सकाळी दोन्ही तळव्यांच्या त्याच सहा-सात जागा मोजा. एका पायाच्या एका जागी दुसऱ्यापेक्षा २.२ अंश किंवा जास्त गरमी सलग दोन दिवस आली, तर आत सूज सुरू आहे. पावलं कमी करा आणि दाखवून घ्या. ज्यांना आधी जखम होऊन गेली आहे त्यांच्यासाठी हे विशेष. पाय वेगवेगळे गार-गरम असतील, एकाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर हा हिशेब चुकतो.

साधाप्रश्न

जखम झालीच तर अँटिबायोटिक लगेच सुरू करावं का?

पट्टी

संसर्ग असेल तरच. लाली, सूज, गरमी, स्पर्शाला दुखणं, पू. यांतली किमान दोन लक्षणं असली तर संसर्ग. लाली जखमेच्या कडेपासून २ सेंमीच्या पुढे गेली, किंवा पू खोल असल्याचं वाटलं तर तो मध्यम प्रकार, त्याच दिवशी डॉक्टर. ताप, थंडी, धडधड आली तर सरळ रुग्णालय. खोल संसर्ग असूनही ताप न येणं मधुमेहात नेहमीचं, म्हणून 'ताप नाही' याचा आधार घेऊ नका. विनाकारण वाढलेली साखर हा जास्त भरवशाचा इशारा. स्वच्छ जखमेला अँटिबायोटिकने भरायला मदत होत नाही.

वरवर फिरवलेल्या कापसाच्या काडीची तपासणी टाळा, त्यात कातडीवरचे सगळेच जंतू येतात. जखम साफ करून तळातलं मांस घेतलेलं हवं. आणि निर्जंतुक सळईने जखमेत चाचपल्यावर कडक हाड लागलं तर हाडापर्यंत संसर्ग पोहोचल्याचा दाट संशय. एक्स-रेत तो दिसायला २ ते ३ आठवडे लागतात.

आरी

आणि भार काढणं. चवड्याखालच्या जखमेला गुडघ्यापर्यंतचं, न काढता येणारं साधन सर्वांत परिणामकारक. काढता येणारा बूट दिला की माणूस तो बाहेर जाताना घालतो आणि घरात काढतो. मोजून पाहिलेल्या एका अभ्यासात तो एकूण हालचालीच्या जेमतेम २८ टक्के वेळ पायात होता. दोष इच्छाशक्तीचा नाही, दुखतच नाही तर आठवण कशी होणार? रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा संसर्ग पसरत असेल तर मात्र न काढता येणारं प्लास्टर घालत नाहीत, ते डॉक्टर ठरवतात. प्लास्टरने एक पाय उंच होतो, तेव्हा दुसऱ्या पायाच्या बुटाला तेवढी तळाची भर द्या, नाहीतर कंबर आणि चांगला पाय दोन्ही बिघडतात.

ठोका

मोजायचं कसं तेही लिहून ठेवा: दर आठवड्याला जखमेची लांबी आणि रुंदी मिमीत, त्याच उजेडात फोटो, शेजारी पट्टी ठेवून. ४ आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही तर १२ आठवड्यांत भरण्याची शक्यता कमी. अशा वेळी ड्रेसिंगचा ब्रँड बदलण्याआधी तीन गोष्टी पुन्हा तपासा: भार खरंच निघालाय का, रक्त पोहोचतंय का, हाडात काही आहे का. बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नावर अडतं.

कुतूहल

डायलिसिसवर असलेल्यांना धोका जास्त म्हणतात. टाचेच्या जखमांचं काय?

निगराणी

जास्तच. रक्तवाहिन्या कडक, सूज चढ-उतार करणारी, त्यामुळे सकाळी बरोबर असलेला बूट संध्याकाळी घट्ट. शिवाय तासन्‌तास एकाच स्थितीत टाच टेकून पडून राहणं. पोटरीखाली उशी अशी ठेवा की टाच गादीपासून पूर्ण अधांतरी राहील आणि गुडघा किंचित वाकलेला. उशी टाचेखाली ठेवली तर काहीच उपयोग नाही. गोल भोक असलेल्या रिंगा वापरू नका, त्या कडेने दाब देतात. डायलिसिसच्या खुर्चीवरही हेच करायचं, आणि मोजे काढून दोन्ही टाचा प्रत्येक वेळी बघायच्या. ज्यांना नीट दिसत नाही किंवा वाकता येत नाही त्यांच्यासाठी हे काम घरातल्या माणसाने करायचं. आरसा ठेवून जेमतेम तळवा दिसतो, बेचके दिसत नाहीत.

साधाप्रश्न

आणि तपासणी किती वेळाने? दरवर्षी पुरते का?

निगराणी

संवेदना आणि नाडी दोन्ही ठीक असतील तर वर्षातून एकदा. यांपैकी एक बिघडलेलं असेल तर ६ ते १२ महिन्यांनी. दोन्ही बिघडलेली, किंवा एक बिघडलेलं आणि पायाचा आकारही बदललेला असेल तर ३ ते ६ महिन्यांनी. आणि यांतलं काही असून आधी जखम झालेली असेल, बोट किंवा पाय कापावा लागला असेल किंवा मूत्रपिंड निकामी असेल, तर १ ते ३ महिन्यांनी. प्रत्येक वेळी बूट सोबत न्यायचे, नवे नाहीत, रोजचे.